काजव्याची साक्ष



ही व्याख्यानमाला ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालविली जाते, ते या शाळेत विज्ञान शिकवीत असत. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करताना विज्ञानाच्याच इतिहासातील एखादे प्रकरण आपणांपुढे ठेवावे, असे मला वाटले. मराठीच्या अध्यापकाने असा विषय का घ्यावा, ही शंका रास्त आहे. माझे उत्तर असे की, या प्रकरणाच्या मुळाशी साक्षीचा प्रश्न आहे, आणि साक्षीचा प्रश्न आम्हां भाषाभ्यासकांच्या नित्य परिचयाचा आहे. जुन्या ग्रंथाचा पाठ ठरविताना अनेक पोथ्या पुढ्यात असतात. कोणत्या पोथीवर, कोणत्या बाबतीत आणि किती विश्वास ठेवावयाचा, हे ठरविण्यातच आमचे आयुष्य जाते. जीवशास्त्रज्ञांपुढे गेली चाळीस वर्षे हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा आहे. जिवंत पेशीच्या आत काय चालले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कळावे म्हणून पेशीत एक वार्ताहर नेमावा लागतो. हा वार्ताहर म्हणजे प्रकाश निर्माण करणारे विकर, म्हणजेच एन्झाइम. अशी विकरे अनेक आहेत. त्यांपैकी कोणते नेमावे, या निवडीचा इतिहास मी आज सांगणार आहे.

आपल्या भाषेने काजव्याला फारसा मान दिलेला नाही. संस्कृतात त्याला 'खद्योत', म्हणजे आकाश उजळणारा, असे भारदस्त नाव आहे खरे. पण 'सूर्यापुढे काजवा' असे आपण म्हणतो तेव्हा त्याचे क्षुद्रपणच सुचवितो. गंमत अशी की, प्रयोगशाळेने काजव्याची थोरवी ओळखली ती त्याच्या या क्षीण प्रकाशामुळेच. पूर्ण काळोखात जेथे दुसरा कोणताही प्रकाश नाही, तेथे अत्यल्प उजेडही मोजता येतो. बाहेरून प्रकाश टाकून एखादे द्रव्य चमकविले, तर त्याबरोबर पेशीतील इतर द्रव्येही थोडीफार चमकतात आणि खरी खूण त्या गर्दीत हरवते. जीवदीप्तीला बाहेरच्या दिव्याची गरज नसते. ती स्वतःच उजळते, आणि तिच्याभोवती अंधार असतो. साक्षीदार म्हणून तिची पहिली योग्यता ही.

या विद्येचा आरंभ सडक्या लाकडापासून झाला, असे म्हणता येईल. इ. स. १६६७ मध्ये रॉबर्ट बॉइल यांनी अंधारात चमकणाऱ्या सडक्या लाकडाचा तुकडा काचेच्या पात्रात ठेवून पंपाने आतील हवा काढून घेतली. तसतसा प्रकाश मंदावत गेला. हवा पुन्हा आत सोडताच तो परतला. ऑक्सिजनचा शोध लागण्यास अद्याप शंभरावर वर्षे होती. तरीही या प्रकाशाला हवा लागते, ही गोष्ट त्या एका प्रयोगाने सिद्ध झाली.

पुढचे निर्णायक पाऊल फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ राफाएल द्युबोआ यांनी टाकले. १८८५ मध्ये वेस्ट इंडीजमधील प्रकाशमान भुंग्यांवर आणि १८८७ मध्ये खडकात भोक पाडून राहणाऱ्या फोलास नावाच्या शिंपल्यावर त्यांनी प्रयोग केले. प्रकाश देणाऱ्या भागाचा थंड पाण्यातील अर्क काही वेळ चमके आणि मग विझे. गरम पाण्यात केलेला अर्क मुळीच चमकत नसे. परंतु हे दोन निष्प्रभ अर्क थंड झाल्यावर एकत्र केले की प्रकाश पुन्हा उमटे. यावरून त्यांनी अनुमान काढले की, येथे दोन द्रव्ये काम करीत आहेत. एक उष्णतेने न बिघडणारे, जळून संपणारे. दुसरे उष्णतेने नष्ट होणारे, ते जाळणारे. पहिल्याला त्यांनी ल्युसिफेरिन आणि दुसऱ्याला ल्युसिफरेज अशी नावे दिली. लॅटिनमध्ये 'ल्युसिफर' म्हणजे प्रकाश वाहून आणणारा. आपल्या सोयीसाठी पहिल्याला तेल आणि दुसऱ्याला वात म्हणावयास हरकत नाही.

मात्र ही उपमा एका मर्यादेपर्यंतच चालते. आपल्या घरातील तेल कोणत्याही समईत जळते. प्रिन्स्टन येथील एडमंड न्यूटन हार्वे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाना प्रकाशमान प्राण्यांचे अर्क एकमेकांत मिसळून पाहिले, तेव्हा एकाचे ल्युसिफेरिन दुसऱ्याच्या ल्युसिफरेजबरोबर सहसा उजळत नाही असे आढळले. याचा अर्थ, निसर्गाने प्रकाश एकदाच शोधून सर्वांना वाटला नाही. निरनिराळ्या वंशांनी तो स्वतंत्रपणे शोधला. पोथ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर या एका मूळ प्रतीच्या नकला नव्हेत, या स्वतंत्र परंपरा आहेत. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी; पुढे तिचे मोल कळेल.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकएलरॉय हे काजव्यांवर काम करीत. त्यांना काजवे हजारोंच्या संख्येने लागत. त्यांनी गावातील मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देण्याचे जाहीर केले आणि मुलांनी त्यांचा पुरवठा सुरू केला. १९४७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, काजव्याच्या प्रकाशाला तेल, वात आणि हवा एवढेच पुरत नाही. एटीपी हे द्रव्यही लागते. एटीपी हे पेशीचे चलनी नाणे होय. जिवंत पेशी बहुतेक व्यवहार त्याच नाण्याने करते आणि पेशी मेली की ते लवकरच नाहीसे होते. म्हणून काजव्याचा अर्क एटीपी मोजण्याचे साधन बनला. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पृष्ठभाग नीट स्वच्छ झाला की नाही, हे पाहण्यासाठी बोळा फिरवून प्रकाश मोजतात, ती पद्धत याच शोधातून निघाली.

दुसरी परंपरा समुद्रातून आली. नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ओसामु शिमोमुरा हे सोळा वर्षांचे होते आणि त्या शहरापासून काही अंतरावर राहात होते. याच शिमोमुरांनी १९५६ मध्ये सिप्रिडिना या चिमुकल्या सागरी जिवाचे ल्युसिफेरिन स्फटिकरूपात मिळविले. पुढे अमेरिकेत १९६१ च्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा करून त्यांनी आणि फ्रँक जॉन्सन यांनी एक्वोरिन हे प्रथिन वेगळे केले. ते कॅल्शियमच्या स्पर्शाने उजळते. १९६७ मध्ये रिजवे आणि अ‍ॅशले यांनी हे प्रथिन बार्नॅकल या सागरी प्राण्याच्या स्नायुतंतूत टोचले आणि स्नायू आकुंचन पावताना आत कॅल्शियमची ये-जा कशी होते, हे प्रकाशावरून पाहिले. जिवंत पेशीत नेमलेला हा आरंभीचा एक वार्ताहर होय. त्याच जेलीफिशमध्ये शिमोमुरांना आढळलेल्या हिरव्या प्रथिनासाठी २००८ चे नोबेल पारितोषिक त्यांना अन्य दोघांसह मिळाले.

येथवर वार्ताहर बाहेरून टोचावा लागत होता. पेशीनेच तो घडवावा, अशी युक्ती जनुकशास्त्राने दिली. ज्या जनुकावर लक्ष ठेवावयाचे, त्याच्या आरंभी असलेला नियंत्रक भाग घ्यावयाचा आणि त्याला ल्युसिफरेजचे जनुक जोडावयाचे. मग ते जनुक जागे होईल तेव्हा ल्युसिफरेजही तयार होईल आणि प्रकाश दिसेल. १९८३ मध्ये एंजब्रेख्ट, नीलसन आणि सिल्व्हरमन यांनी व्हिब्रिओ फिशेरी या सागरी जंतूची प्रकाशाची जनुके साध्या ई. कोलाय जंतूत घातली आणि तो जंतू उजळला. १९८५ मध्ये डी वेट, वुड, हेलिन्स्की आणि श्रीमती मार्लीन डीलुका यांनी काजव्याचे ल्युसिफरेज ई. कोलायमध्ये तयार करून दाखविले. पुढच्याच वर्षी काजव्याचे जनुक घातलेले तंबाखूचे रोप ल्युसिफेरिनचे पाणी पाजताच अंधारात उजळले. १९९१ मध्ये रेनिला या सागरी प्राण्याचे ल्युसिफरेजही हाती आले. आता उमेदवार अनेक झाले आणि निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

या उमेदवारांचे गुणदोष थोडक्यात पाहू. जंतूचे विकर निळसर प्रकाश देते. त्याची पाचही जनुके एकत्र घातली तर तेलही जंतू स्वतःच बनवितो. बाहेरून काही घालावे लागत नाही. परंतु व्हिब्रिओ फिशेरीचे विकर तीस अंशांपुढे टिकत नाही. माणसाच्या शरीराच्या तपमानाला काम करावयाचे असेल तर फोटोऱ्हॅब्डस या दुसऱ्या जंतूचे विकर घ्यावे लागते. काजव्याचे विकर पिवळसर हिरवा प्रकाश देते, त्याला ल्युसिफेरिन बाहेरून द्यावे लागते आणि एटीपी पेशीतून मिळावे लागते. रेनिलाच्या विकराला एटीपी लागत नाही. मात्र त्याचे तेल, सीलेंटेराझीन, विकराविनाही थोडेफार आपोआप उजळते, त्यामुळे काळोख निर्भेळ राहात नाही. शिवाय निळा प्रकाश रक्त शोषून घेते, तांबडा त्यातून पार होतो. म्हणून प्राण्याच्या देहात खोलवर पाहावयाचे असेल तर तांबड्याकडे झुकणारे विकर निवडावे लागते. यावरून कळते की, सर्वांत तेजस्वी तो सर्वांत चांगला, असा सोपा नियम येथे चालत नाही. काय विचारावयाचे आहे, हे आधी ठरले पाहिजे. साक्षीदार मागाहून निवडावा.

दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही माणसाच्या जिवाशी निगडित आहेत.

पहिले क्षयरोगाचे. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. रुग्णाच्या जंतूंवर कोणते औषध चालेल हे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहावयाचे तर आठवडेच्या आठवडे जातात. तेवढ्या काळात रुग्ण निरुपयोगी औषध घेत राहतो आणि घरातील इतरांनाही लागण होते. १९९३ मध्ये विल्यम जेकब्स, ग्रॅहम हॅटफुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय मांडला. क्षयजंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूत त्यांनी काजव्याचे जनुक घातले. हा विषाणू जंतूत शिरला की जंतू काजव्याचे विकर तयार करतो, आणि आपल्या एटीपीने उजळतो. आता जंतूंवर औषध घालून पाहावे. औषध लागू पडले तर जंतू मरतो, एटीपी संपते, प्रकाश मावळतो. जंतू औषधाला दाद देत नसेल तर तो उजळतच राहतो. काजव्याच्या विकराला एटीपी लागते, ही इतरत्र अडचण वाटणारी गोष्ट येथे गुण ठरली, कारण विचारावयाचे होते तेच मुळी 'जिवंत आहे की मेला' एवढे. पुढे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जनुकांची थेट तपासणी करणाऱ्या निराळ्या पद्धतीची शिफारस केली आणि मोठ्या प्रमाणावर तीच रूढ झाली. तथापि योग्य साक्षीदार कसा निवडावा याचा वस्तुपाठ म्हणून १९९३ चे ते काम आजही वाचण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण पाण्याचे. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये तळ्यांतील दूषित पाणी टाळण्यासाठी लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि त्यांतील अनेकींच्या पाण्यात भूगर्भातील आर्सेनिक, म्हणजे सोमल, निघाले. त्याला ना रंग, ना चव, ना वास. व्हिएतनाममधील नदीखोऱ्यांतही तीच आपत्ती. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. गावात जाऊन ती अचूक मोजणे त्या वेळच्या रासायनिक संचांना जड जात असे. स्वित्झर्लंडमधील यान रूलोफ फान डर मेर यांच्या गटाने ई. कोलाय जंतूची मदत घेतली. या जंतूजवळ आर्सेनिक बाहेर टाकण्याची यंत्रणा मुळातच असते आणि आर्सेनिक आत शिरले की तिचे कुलूप उघडते. त्या कुलपाला त्यांनी जंतूच्या ल्युसिफरेजचे जनुक जोडले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात व्हिएतनाममधील १९४ भूजलनमुन्यांवर ही कसोटी लावण्यात आली आणि ती तेव्हाच्या क्षेत्रसंचांपेक्षा सरस ठरली. त्या पाण्यात लोह पुष्कळ होते. हवा लागताच ते गंजासारखे खाली बसते आणि आर्सेनिकही आपल्याबरोबर नेते. म्हणून नमुन्यात आधी आम्ल घालून लोह विरघळलेले ठेवावे लागले. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्यापुढे वस्तुस्थिती पोचलीच नाही, तर तो काय सांगणार?

येथे आणखी एक धोका आहे. समजा, पाण्यात आर्सेनिकखेरीज दुसरे जालीम विष आहे. मग जंतूच मरेल आणि प्रकाश दिसणार नाही. पाहणारा म्हणेल, 'पाणी शुद्ध आहे.' म्हणजे जेथे सर्वांत अधिक भय, तेथेच निर्भयतेची ग्वाही! याच कारणासाठी शहाणे संशोधक दुसरा एक साक्षीदार जोडीला ठेवतात, जो सदैव उजळत असतो आणि केवळ 'मी जिवंत आहे' एवढेच सांगतो. व्हिब्रिओ फिशेरीवर आधारलेली सांडपाण्याची कसोटी तर मुद्दाम उलट्या रीतीने चालते. तेथे प्रकाश मंदावणे हीच विषाची खूण. अर्थात अंधाराचा अर्थ प्रत्येक ठिकाणी एकच नसतो.

२०१२ मध्ये एका नव्या विकराची वार्ता आली. ओप्लोफोरस या खोल समुद्रातील कोळंबीसारख्या जिवाचे ल्युसिफरेज शिमोमुरा व सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच अभ्यासले होते. त्याच्या एका लहान भागात फेरफार करून आणि त्याला नवे तेल देऊन नॅनोल्युक हे विकर घडविण्यात आले. आकाराने ते काजव्याच्या विकराच्या एकतृतीयांशाहूनही लहान आणि तेजाने सुमारे दीडशेपट. ते पेशीत दीर्घकाळ टिकतेही. येथे मात्र सावध व्हावयास हवे. जनुक निद्रिस्त झाल्यावरही विकर उरले तर प्रकाश चालूच राहील. म्हणजे वार्ताहर कालची बातमी आजची म्हणून सांगत राहील. म्हणून क्षणोक्षणी बदलणारी गोष्ट पाहावयाची असेल तेव्हा या विकराला लवकर नष्ट होण्याची खूण मुद्दाम जोडतात. टिकाऊपणा हा गुण खराच, पण बातमी देणाऱ्याने शिळेपण टाळलेच पाहिजे.

आता या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरणाकडे येतो. स्नायू झिजत जाणाऱ्या डुशेन या व्याधीने काही मुले लहानपणीच चालण्याची शक्ती गमावतात. त्यांतील काहींच्या जनुकात वाक्य पुरे होण्याआधीच पूर्णविराम पडलेला असतो, त्यामुळे आवश्यक प्रथिन अर्धवटच तयार होते. हा अकाली पूर्णविराम ओलांडून पुढे वाचावयास लावणारे औषध सापडावे, म्हणून काजव्याच्या ल्युसिफरेजच्या जनुकातच असा पूर्णविराम घालण्यात आला. जे द्रव्य प्रकाश वाढवील ते पूर्णविराम ओलांडविते, असा तर्क होता. त्यातून निवडलेल्या एका द्रव्याची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये डग्लस ऑल्ड, जेम्स इंग्लीज आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, हे द्रव्य खुद्द काजव्याच्या विकरालाच घट्ट चिकटते, त्यामुळे ते विकर पेशीत अधिक काळ टिकते आणि प्रकाश वाढतो. रेनिलाच्या विकराने तीच परीक्षा घेतली तेव्हा हा परिणाम दिसेना. म्हणजे द्रव्याने वस्तुस्थिती बदलली नव्हती, त्याने साक्षीदारालाच हाताशी धरले होते, असा आक्षेप उभा राहिला. त्यावर वाद झाले, दोन्ही बाजूंनी प्रयोग पुढे आले. त्या औषधाला युरोपात २०१४ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. मोठ्या चाचण्यांत मुख्य कसोटीवर अपेक्षित यश आले नाही. २०२५ मध्ये परवानगीचे नूतनीकरण नाकारले गेले. औषधाच्या भवितव्याला केवळ विकराची निवड कारण झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु दरम्यान किती आईबापांनी त्या नावावर आशा बांधली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

आमच्या पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा नकला मिळून एकच साक्ष होते. स्वतंत्र परंपरेतील दोन पोथ्या एकच पाठ देतील तेव्हाच तो पक्का मानावा. काजवा आणि रेनिला यांची विकरे एकमेकांशी नाते नसलेली, निराळे तेल जाळणारी. जे द्रव्य एकाला फितवील ते दुसऱ्याला फितवीलच असे नाही. म्हणूनच आज काळजीपूर्वक काम करणारा संशोधक एका विकराने मिळालेले उत्तर दुसऱ्या वंशाच्या विकराने पडताळून पाहतो. निसर्गाने प्रकाश अनेकदा स्वतंत्रपणे शोधला, हे हार्वे यांच्या काळी केवळ कुतूहल होते. आज ती सत्यशोधनाची सोय झाली आहे.

बॉइल यांच्या सडक्या लाकडाकडे पुन्हा वळून मी थांबतो. तो प्रकाश लाकडाचा नव्हता, त्यातील बुरशीचा होता. आपल्या सह्याद्रीच्या दाट रानांत पावसाळ्याच्या रात्री पडलेली फांदी कधी कधी अशीच मंद हिरवी उजळते. या बुरशीची प्रकाशाची संपूर्ण जनुकसाखळी २०१८ मध्ये उलगडली, म्हणजे बॉइल यांच्या प्रयोगानंतर साडेतीनशे वर्षांनी. तिचे तेल वनस्पतींत मुळातच आढळणाऱ्या कॅफेइक आम्लापासून बनते. त्यामुळे २०२० मध्ये बाहेरून काहीही न घालता आपोआप उजळणारी तंबाखूची रोपे तयार करता आली. वनस्पतींसाठी हा नवा वार्ताहर उपलब्ध झाला आहे. त्याचेही दोष हळूहळू कळतील, आणि ते कळणे आवश्यकच आहे.

विद्यार्थ्यांनो, उजेड दिसला म्हणजे सत्य दिसले, अशी आपली सहज समजूत असते. या इतिहासाने शिकविले ते एवढेच की, उजेड हाही एक साक्षीदार आहे. तो कोणी पेटविला, कशावर जळतो, कोण त्याला फितवू शकेल, आणि तो विझला तर त्याचा अर्थ काय, हे विचारल्यावाचून त्याची साक्ष स्वीकारू नये. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींच्या वर्गात प्रश्न विचारण्याला मज्जाव नव्हता, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. ती परंपरा या शाळेने जपावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.